आई घरी आहे

अलेक्झांड्रियाच्या शुक्रवारच्या बाजारात पक्ष्यांच्या पिंजऱ्यांची रांग संपते आणि शोभेच्या माशांच्या टाक्या सुरू होतात, त्या कोपऱ्यावर मेतवल्ली बावीस वर्षं बसला. त्याच्यापुढं खजुरीच्या पातीच्या दोन टोपल्या आणि त्यांत कुत्र्याची पिल्लं. मोठ्या जातीचं जनावर त्यानं कधी ठेवलं नाही. मांडीवर मावतील असे पांढरे, लोकरी ग्रिफोन, नाहीतर झुपकेदार शेपटीचे लूलू. थंडीत एखादं पिल्लू कुडकुडायला लागलं की तो ते झग्याच्या गळ्यातून आत सोडायचा आणि तसाच गिऱ्हाइकांशी बोलत राहायचा. दाढीखालून मधेच एक काळं नाक बाहेर यायचं. लहान मुलं त्याच्यापाशीच थांबायची, आणि मुलं थांबली की आईबापांनाही थांबावं लागायचं.

मी जनावरांची डॉक्टर. माझा दवाखाना क्लिओपात्राच्या ट्राम थांब्यामागं. शुक्रवारी मेतवल्लीकडून घेतलेली पिल्लं सोमवार-मंगळवारपासून माझ्याकडं यायला लागायची. जुलाब, उलट्या, ग्लानी. काही वाचायची, बरीचशी नाही. त्यामुळं त्याला भेटण्याआधीच मी त्याला ओळखत होते, आणि माझा त्याच्यावर राग होता. एका शुक्रवारी दवाखाना बंद ठेवून मी भांडायलाच गेले.

"दोक्तोरा, मी काय त्यांना मारतो?" तो म्हणाला. "मी सकाळी स्वतः खायच्या आधी त्यांना दूध पाजतो. विचारा कुणालाही."

मी टोपलीतलं एक पिल्लू उचललं. "याचं वय?"

"दोन महिने."

मी त्याचं तोंड उघडून दाखवलं. हिरड्या गुळगुळीत होत्या. "दात कुठंयत?"

"काहींना उशिरा येतात."

"आणि आई?"

"आई घरी आहे."

"कुणाच्या घरी?"

तो हसला. "घरी म्हणजे घरी, दोक्तोरा. आई आणखी कुठं असणार?"

हे उत्तर तो सगळ्यांनाच द्यायचा. खरी गोष्ट अशी होती की दर गुरुवारी दुपारी तो शहराबाहेर, कोंबड्यांच्या शेडांच्या मागं, गाबेर नावाच्या माणसाकडं जायचा. गाबेर दाराच्या फटीतून टोमॅटोची पेटी बाहेर सरकवायचा. पेटीत पिल्लं असायची. मेतवल्ली ती उचलून मिनीबसनं घरी यायचा. पुढं कधीतरी त्यानंच मला सांगितलं, "बावीस वर्षांत मी त्या दाराच्या आत पाय ठेवला नाही. गाबेरनं अडवलं नव्हतं हं. मीच गेलो नाही."

तरुणपणी तो मीनात अल-बसलच्या गोदीत कापसाच्या गाठी वाहायचा. काम बंद पडलं आणि पाठही गेली, तेव्हा कुणीतरी त्याला ही बसून करायची विक्री दाखवली. बायको सनिय्या असेपर्यंत त्याला बाजारातला झगा जिन्यातच काढायला लावायची आणि हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय ताटावर बसू द्यायची नाही. ती गेल्यावर त्याची घटस्फोटित मुलगी सबाह परत माहेरी आली आणि तिनं तोच नियम पुढं चालवला. कर्मूझ वस्तीत सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, वर गच्ची. बाप-लेक शांतपणे राहत होते.

त्याच्या बाविसाव्या वर्षी हिवाळ्यात उस्ताझ वगीह, म्हणजे वगीह मास्तर, माझ्याकडं आले. सरकारी शाळेत भूगोल शिकवणारा, हळू बोलणारा माणूस. त्यांची बायको उन्हाळ्यात वारली होती. आठ वर्षांची मुलगी मीरना तेव्हापासून शाळेत कुणाशी बोलत नव्हती, म्हणून त्यांनी तिला एक ग्रिफोनचं मादी पिल्लू घेऊन दिलं होतं. मीरनानं तिचं नाव ठेवलं फुल्ला, मोगऱ्याचं फूल. आता ते फूल टॉवेलात गुंडाळलेलं होतं आणि त्याला मान उचलवत नव्हती.

"बाजारातून घेतलंत?"

"हो. म्हातारा भला वाटला. लस टोचलीय म्हणाला, पुस्तकही दिलं."

पुस्तकातला शिक्का मी ओळखत होते. असा डॉक्टर या शहरात कुणी नाही. आधी विचारायला आला असतात तर, असं ओठांवर आलेलं मी गिळलं. पिल्लू जेमतेम महिन्याचं होतं आणि आजार पार्व्होचा होता, पिल्लांना सहसा न सोडणारा. मी सलाईन लावलं. मंगळवारी दुपारी, घरी आणल्याच्या पाचव्या दिवशी, फुल्ला माझ्या टेबलावर गेली. मीरना तिथंच उभी होती. ती रडली नाही. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "हिच्या आईला कोण सांगणार?"

मी म्हटलं, "बाळा, कुत्र्यांचं तसं नसतं."

"मग कसं असतं?"

मी सलाईनची सुई काढून ठेवली.

पुढच्या शुक्रवारी वगीह मुलीला घेऊन बाजारात गेले. त्यांना जायचं नव्हतं, पण ती ऐकेना. मेतवल्लीनं दोघांना लांबूनच ओळखलं. पिल्लू मेल्यावर येणारी माणसं कशी चालत येतात ते त्याला ठाऊक होतं. त्यानं आधीच बोलायला सुरुवात केली, "देवाची मर्जी, उस्ताझ. मी दुसरं देतो, आत्ता देतो. हवं ते उचला."

मीरना पुढं झाली. "आजोबा, तुम्ही म्हणाला होतात आई घरी आहे."

"हो, हो. आहे ना."

"मला तिला भेटायचंय."

"कशाला गं?"

"तिला सांगायला पाहिजे. ती वाट बघत असेल. मला माझ्या आईचं कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस सगळे म्हणत होते ती झोपलीय."

मेतवल्लीनं काय उत्तर दिलं ते त्याला स्वतःलाही नीट आठवत नव्हतं. आज नाही, पुढच्या आठवड्यात, मी सांगतो तिला, असं काहीबाही. वगीहांनी मुलीचा हात धरला आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "निदान तिच्याशी खोटं बोलू नका. तेवढं केलंत तरी पुरे."

त्या दिवशी त्यानं दुपारच्या आतच टोपल्या आवरल्या.

रविवारी सकाळी मी दवाखाना उघडायला गेले तर मेतवल्ली पायरीवर बसलेला. मांडीवर टोमॅटोची पेटी. पेटीत एक कुत्री होती. ग्रिफोनची मादी, पण पांढरा म्हणावा असा एकही केस अंगावर राहिला नव्हता. लोकर गुठळ्या होऊन कातडीला चिकटली होती. तारेच्या जाळीवर उभं राहून राहून पंजे फाकले होते. तोंडात तीन दात शिल्लक. वय असेल सहा वर्षं. पोटाला हात लावला तर स्तन अजून भरलेले. पान्हा आटला नव्हता.

"आत गेलो होतो," तो म्हणाला.

मी तिला तपासत होते. त्याच्याकडं बघितलं नाही.

"तीस-चाळीस असतील. एकावर एक पिंजरे. वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर. एक भुंकेल तर शपथ. मी गाबेरला म्हटलं, गेल्या खेपेची पांढरी मादी पिल्लं कुणाची? त्यानं ही दाखवली. म्हणाला, घेऊन जा, हिच्यात आता काही राहिलं नाही. दहा वेळा व्याली म्हणाला." त्यानं तिच्या डोळ्यांवर हात धरला. "दोक्तोरा, बाहेर आणली तर ही डोळे मिटून घेते. उजेड सहन होत नाही हिला."

तिचं हृदयही वाढलं होतं. मी गोळ्या लिहून दिल्या, लोकर कापली, आणि त्याला सांगितलं की ही फार दिवस काढणार नाही. तो तिला घरी घेऊन गेला. सबाहनं जिन्यातच वाट अडवली.

"बाबा, हे काय? आता घरात? घरात कुत्रं असलं तर फरिश्ते येत नाहीत."

"गच्चीवर ठेवतो."

"थंडीनं मरेल ती गच्चीवर."

"मग तू सांग कुठं ठेवू."

सबाह आतून जुनी सतरंजी घेऊन आली. कुत्री जिन्याच्या वरच्या वळणावर राहिली, ना घरात ना बाहेर. गाबेरकडं तिला नाव नव्हतं. मेतवल्ली तिला उम्म फुल्ला म्हणायला लागला. फुल्लाची आई.

आठवड्यानं तो पुन्हा आला. "मला एक चांगलं पिल्लू हवंय. त्या मुलीसाठी. बाजारातलं नको. तुम्हाला माहीत असेल, खरं कुणाकडं मिळतं."

बावीस वर्षं पिल्लं विकलेला माणूस मला विचारत होता की चांगलं पिल्लू कुठं मिळतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी त्याला इब्राहिमिय्यात मदाम अझनिफकडं घेऊन गेले.

मदाम अझनिफ आर्मेनियन, वय ब्याऐंशी. जन्म इथलाच, पण तिच्या बोलण्यात बाप्ये आणि बाया आयुष्यभर एकमेकांत मिसळलेले. तिच्या तोंडी अख्खं शहर बाई होतं. दार उघडून ती माझ्याकडं बघून हसली, मग मागं उभ्या मेतवल्लीकडं नजर गेली आणि तिचा चेहरा आवळला.

"ही इथं कशाला आली? दोक्तोरा, ही नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडं आली होती. म्हणाली, सगळी पिल्लं एकदम घेते, मदाम. मी चप्पल काढली होती."

"लागलीही होती, मदाम," मेतवल्ली म्हणाला.

"कमी लागली. आत ये."

आत स्वयंपाकघरात स्टोव्हजवळ एका रजईवर निनी नावाची तिची कुत्री होती आणि तिच्या कुशीत चार पिल्लं, सहा आठवड्यांची. निनी उठून आली आणि तिनं मेतवल्लीचे हात हुंगायला सुरुवात केली. बोटं, तळवे, बाह्या. तो हलला नाही. तिचं समाधान झालं तेव्हा ती परत जाऊन आडवी झाली आणि पिल्लं तिच्या पोटाशी घुसली. त्यांतलं एक तिच्या कानाला लोंबकळलं, तर तिनं ते पंजानं हलकेच बाजूला सारलं.

मेतवल्ली खाली बसून बघत राहिला. हळूच मला म्हणाला, "हे मी कधी बघितलं नव्हतं."

"काय?"

"आईजवळ असताना."

मदाम अझनिफ त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बोल. मुलगी किती वर्षांची?"

"आठ."

"दिवसा घरी कोण असते?"

"माहीत नाही."

"मजला कितवा? बाल्कनीचे गज किती लांब लांब? बाप गावी गेली तर कुत्रं कुणाकडं? आजारी पडली तर पैसे आहेत का तिच्याकडं? नको झाली तर माझ्याकडं परत आणून देईल का, की रस्त्यावर सोडेल?"

तो प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होता. शेवटी तिनं विचारलं, "आणि त्या मुलीला हवंय का दुसरं?"

"लहान आहे, मदाम. खूश होईल."

"तिला विचारलंस?"

"नाही."

"तू चुकलीस, म्हणून त्या पोरीनं कुत्रं पाळायचं?"

मदामनं त्याला कॉफी दिली. मग म्हणाली, "या वेळची चारही ठरलेली आहेत. पुढची दीड वर्षानं, आणि ती निनीची शेवटची. त्यानंतर तिला त्रास देणार नाही मी. मुलीचं नाव लिहून ठेवते. तुझं नाही. तिला हवं असेल तर बापाला घेऊन ती येईल, तीन वेळा येईल, निनीशी बोलेल. मग बघू."

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "दोक्तोरा, या बाईनं मला जितकं विचारलं, तितकं मी बावीस वर्षांत सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून विचारलं नसेल."

त्याच आठवड्यात तो उम्म फुल्लाला शालीत गुंडाळून वगीहांच्या घरी गेला. मी सोबत यावं असा त्याचा हट्ट होता. दार मीरनानं उघडलं. तिनं शालीकडं बघितलं.

"ही तिची आई?"

"हो."

"नक्की?"

खोटं बोलायला त्याला वेळ लागायचा नाही. त्या दिवशी त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. "पोरी, ज्याच्याकडून आणली तो म्हणाला हीच. मला स्वतःला माहीत नाही. मी तिथं नव्हतो. पण हिला दूध येत होतं."

मीरनाला ते चाललं. तिनं कुत्रीला खाली ठेवायला सांगितलं. उम्म फुल्लाचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरायला लागले, तेव्हा ती भिंतीपर्यंत सरपटत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मीरना तिच्यामागं मांडी घालून बसली.

"फुल्ला मेली," ती म्हणाली. "मंगळवारी. आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं होतं. तिला एकटं नाही ठेवलं. रात्रीसुद्धा मी होते. ती माझ्या स्वेटरमध्ये झोपायची."

कुत्री भिंतीकडंच बघत होती. मीरनानं तिच्या पाठीवर एक बोट ठेवलं, तर कातडी शहारली. मुलीनं बोट काढून घेतलं. वगीह स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

"तिला कळलं नाही," मीरना म्हणाली.

"कळलं असेल," मेतवल्ली म्हणाला.

"नाही. तिला खूप पिल्लं झालीत ना? कुठलं ते तिला आठवत नसेल." मग तिनं त्याच्याकडं बघून विचारलं, "बाकीच्यांचं तिला कोण सांगणार?"

मेतवल्लीनं कुत्रीला उचललं, शालीत घेतलं. जिना उतरताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

त्यानंतर त्यानं टोपल्या विकून टाकल्या. पण शुक्रवारी बाजारात जायचं काही त्यानं सोडलं नाही. तो फाटकापाशी उभा राहायचा आणि लहान मुलं बरोबर असलेल्या आईबापांना सांगायचा, "पिल्लाची आई बघितल्याशिवाय घेऊ नका. आई घरी आहे म्हणतील. म्हणा, चला घरी."

जुने सोबती आधी हसले. "अरे मेतवल्ली, तू कुणाची आई दाखवलीस रे आजवर?"

"कुणाचीच नाही. म्हणून तर सांगतोय."

मग हसणं संपलं. रमजानच्या आधीच्या एका शुक्रवारी कुणीतरी त्याला धक्का दिला आणि तो माशांच्या टाक्यांवर पडला. मनगट मोडलं, खुबा सरकला. कुणी ढकललं ते त्यानं पोलिसांना सांगितलं नाही. मला म्हणाला, "त्यालाही घर आहे."

तो इस्पितळात असताना उम्म फुल्लाला सबाह सांभाळायची. मी गोळ्या घेऊन गेले तेव्हा कुत्री जिन्यात नव्हती. दाराच्या आत, चपलांच्या शेजारी सतरंजी होती. सबाह अवघडून म्हणाली, "जिन्यात मुलं पाय लावतात तिला. नमाज मी आतल्या खोलीत पढते." ती तिला हातानं भाकर मऊ करून भरवत होती. पण कुत्री शेवटपर्यंत कुणाच्या जवळ स्वतःहून आली नाही. हात पुढं केला की स्थिर व्हायची आणि जे होईल ते होऊ द्यायची. ऑगस्टमध्ये, भर उन्हाळ्यात, तिचं हृदय थांबलं. मेतवल्ली काठी टेकत माझ्याकडं आला. "मी केस विंचरत होतो," म्हणाला. "त्यातच गेली. दुखलं असेल का?" मी नाही म्हटलं. मरियूत तळ्याच्या काठी, बोरूच्या बेटांपलीकडं, सबाहच्या मदतीनं त्यानं तिला पुरलं. दुसरं कुत्रं आणलं नाही.

मदामकडच्या त्या भेटीनंतर दीड वर्षानं निनी शेवटची व्याली. तीन पिल्लं. मदाम अझनिफनं शब्द पाळला आणि वगीहांना बोलावलं. मुलगी आणि बाप दोनदा जाऊन आले. मीरना निनीच्या शेजारी रजईवर बसली, पिल्लांना नावं दिली. तिसऱ्या खेपेला, पिल्लू घरी न्यायच्या दिवशी, ते गेले नाहीत. वगीहांनी मला फोन केला.

"ती नको म्हणते. म्हणते, आपण एक आणलं की निनीजवळ दोनच राहतील."

"उस्ताझ, वेळ झाली की पिल्लं आईपासून वेगळी होतातच. निनीला आता ती नकोशीही होतील."

"मी सांगितलं सगळं. तिला पटतं. पण ती नको म्हणते."

ते पिल्लू स्पोर्टिंग भागातल्या एका दंतवैद्याच्या घरी गेलं. मदामनं त्यांच्या बाल्कनीचे गज स्वतः जाऊन मोजले.

मेतवल्ली त्यानंतर आलेल्या हिवाळ्यात वारला. डिसेंबरात दरसाल येणाऱ्या कासिमच्या वादळात समुद्र रस्त्यावर आला होता, तीन दिवस ट्राम बंद होती, आणि त्याची छाती भरत गेली. मी समाचाराला गेले तेव्हा सबाहनं मला दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी दिली आणि शेजारी बसली. बायका बोलत होत्या, कुराणाचा आवाज चालू होता.

"दोक्तोरा," ती खाली बघत म्हणाली, "शेवटच्या दिवसांत ते रोज विचारायचे, त्या पोरीला पिल्लू मिळालं का."

"मग?"

"मी मिळालं म्हणायचे. कसलं आहे, विचारायचे. मी म्हणायचे, पांढरं आहे, बाबा. तिच्याजवळच झोपतं."

मी कॉफी संपवली. सबाहनं माझ्या हातातून कप घेतला आणि दारात आलेल्या दुसऱ्या बायकांना जागा करून द्यायला उठली.